मेल्या म्हशीला मणभर दूध

म्हैस गोठ्यात उभी असते तोवर तिला पेंड घालताना मालकाचा हात आखडतो. ती लाथ झाडते, दावे तोडते, दूध चोरते अशा तिच्या कागाळ्या तो गावभर सांगत असतो. तीच म्हैस मेली म्हणजे मात्र तिच्यासारखी दुभती पंचक्रोशीत नव्हती असे तो पारावर बसून सांगू लागतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्या आजेपणज्यांनी उगाच केलेली नाही. पुढारी मंडळी आपल्या मृत विरोधकाच्या तसबिरीला हार घालून गहिवरतात, तेव्हा आम्हांस या म्हणीची हटकून आठवण होते.

वाचकांनी आमचा गैरसमज करून घेऊ नये. मेलेल्या विरोधकाचा मान राखू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती चाल चांगली आहे, आणि ती काही पुढाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. दोन भाऊबंद बांधावरून वीस वर्षे कोर्टात भांडत असले, तरी एकाच्या घरी मयत झाली की दुसरा न बोलावता येतो, लाकडे फोडतो, तिरडीला खांदा देतो. विधिमंडळातही तीच रीत आहे. अधिवेशन भरले म्हणजे गेलेल्या सभासदांविषयी शोकप्रस्ताव येतो. सरकार पक्ष बोलतो, विरोधी पक्ष बोलतो, आणि सगळे सभागृह उभे राहून स्तब्ध होते. ज्या राज्यात विरोधक मेला म्हणून पेढे वाटले जातात, त्या राज्यात आम्हांस राहावयाचे नाही.

परंतु गावात खांदा दिल्याने हिशेब पुरा होत नाही. गडी स्मशानातून परत आला, त्याने अंघोळ केली, तेराव्याचे जेवण झाले. पुढे काय? त्याने सरकवलेला बांध मागे घेतला काय? विधवेला तिची दोन हात जमीन मोकळी करून दिली काय? दिली असेल तर त्याचा खांदा खरा. नसेल तर तो चार माणसांत दिसावे म्हणून आला होता, असे समजावे. पुढाऱ्यांच्या श्रद्धांजलीला आम्ही हेच माप लावतो, आणि तुम्हीही तेच लावावे असे सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

प्रथम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला घ्या. हिंदू कोड बिल रखडले म्हणून त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ साली काँग्रेसने मुंबईत त्यांचा पराभव केला, आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा त्याच काँग्रेसचे पंतप्रधान पंडित नेहरू लोकसभेत बोलावयास उभे राहिले. हिंदू समाजातील जुलमी चालींविरुद्धच्या बंडाचे प्रतीक, असा त्यांनी बाबासाहेबांचा गौरव केला. आता बांध तपासू. नेहरूंच्या भाषणात आणखी एक गोष्ट होती. बाबासाहेबांचा कायदा एकसंध झाला नसला, तरी तुकड्यातुकड्यांनी तो बव्हंशी त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, असे ते म्हणाले. ते खोटे नव्हते. लग्नाचा कायदा १९५५ साली व वारसाहक्काचा १९५६ साली झाला होता. येथे बांध काही हात तरी मागे आला होता. म्हणून त्या श्रद्धांजलीला आम्ही पोकळ म्हणणार नाही. पण संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांची तसबीर लागावयास व त्यांना भारतरत्न मिळावयास १९९० साल उजाडावे लागले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

दुसरा दाखला जोतीराव फुल्यांचा. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुण्याच्या म्युनिसिपालिटीत जोतीरावांच्या पुतळ्याची सूचना आणली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! ज्या शहरात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, त्याच शहरात त्यांच्या दगडी मूर्तीला जागा देताना भल्याभल्यांच्या पोटात दुखले. त्यांच्या मृत्यूला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, तरी वैर ताजेच होते. पुढे २००३ साली त्यांचा पुतळा संसदेच्या आवारात बसला. हल्ली ११ एप्रिलला कोणत्याही पक्षाचा मनुष्य त्यांना हार घातल्यावाचून राहत नाही. हा फरक का पडला? जोतीराव बदलले नाहीत. बहुजन समाज मोजणीत आला आणि त्याच्या मताला किंमत आली, हे त्याचे कारण होय. मेलेल्याला मान मिळतो तो पुष्कळदा त्याच्या जिवंत पाठीराख्यांच्या धाकाने मिळतो, हे आपण कधी विसरू नये.

आता आपल्याच खाडीपलीकडची गोष्ट सांगतो. जासईचे दि. बा. पाटील यांचे नाव ठाणे-रायगडच्या आगरी, कोळी, कुणबी घरांत ठाऊक नाही असे माणूस विरळा. शेतकरी कामगार पक्षाचे ते पुढारी. पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर सरकारची दृष्टी गेली. शेतकऱ्याला द्यावयाचा भाव असा, की त्या पैशात त्याच्याच जमिनीवर बांधलेल्या इमारतीत त्याला एक खोली मिळू नये. दि. बां.नी सरकारला अडविले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात आंदोलकांवर गोळ्या चालल्या आणि पाच शेतकरी पडले. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, म्हणजे शेतकऱ्याच्याच घरातले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचा नियम निघाला. घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत मिळू लागली. पुढे विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना हाच वाटा साडेबावीस टक्के ठरला. दान म्हणून यातले काही आलेले नाही, हे मुलाबाळांना सांगून ठेवा.

२४ जून २०१३ रोजी दि. बा. वारले, आणि जिवंतपणी ते ज्यांना नकोसे होते त्यांनाही ते लोकनेते वाटू लागले. पण नव्या विमानतळाला नाव द्यावयाची वेळ आली, तेव्हा श्रद्धांजलीचा कस लागला. सरकारने व सिडकोने २०२१ साली बाळासाहेब ठाकरे यांचे नाव पुढे केले. बाळासाहेबांचा मान लहान आहे असे येथे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याच्या लोकांची जमीन, त्याचे नाव, असा भूमिपुत्रांचा साधा न्याय होता. १० जून २०२१ रोजी त्यांनी मानवी साखळी केली, आणि २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापुरास सिडकोवर मोठा मोर्चा नेला. मग चक्र फिरले. उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी, सत्ता सोडण्याच्या दिवशी, दि. बां.चे नाव मंजूर केले. पाठोपाठ आलेल्या एकनाथ शिंदे यांच्या सरकारने जुलैत पुन्हा मंजूर केले, आणि विधिमंडळाने ठराव करून तो दिल्लीस धाडला. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका नावावर एक झाले! तरी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा नावाचा निकाल दिल्लीकडून लागलेला नव्हता. त्याआधी सप्टेंबरात भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे यांच्या पुढाकाराने आपल्या भागातून याच मागणीसाठी मोटारींची फेरी निघाली होती. सगळे अनुकूल असताना काम अडते, तेव्हा कोणाचे तरी बोलणे वरवरचे असते, एवढे समजावयास फार शिक्षण लागत नाही.

नाव लागावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण नाव म्हणजे खांदा आहे, बांध नव्हे. विमानतळाच्या कमानीवर दि. बा. आणि कमानीखाली त्यांच्याच गावचा पोर कंत्राटदाराच्या दारात तिष्ठत उभा, अशी स्थिती झाली तर त्या अक्षरांना काय चाटावयाचे आहे?

भिवंडीकरांनी यातून बोध घेतला पाहिजे. आपल्याकडे भाताच्या खाचरांवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक आपल्याच तालुक्यात आमणे येथे उतरले, आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. बुलेट ट्रेनचा मार्गही याच तालुक्यातून जातो. दि. बां.नी मिळविलेला वाटा सिडकोच्या जमिनींपुरता आहे. रस्त्याला किंवा रेल्वेला जमीन देणाऱ्यास तो आपोआप मिळत नाही. मागावर बसणाऱ्या बांधवांनीही आपला हिशेब काढावा. १९८२ साली डॉ. दत्ता सामंत यांनी मुंबईच्या गिरण्यांचा संप पुकारला, तेव्हा सरकार त्यांच्यापुढे तसूभर झुकले नाही. १९९७ साली त्यांचा खून झाला, तेव्हा शोक करावयास कोणी मागे राहिले नाही. गिरणी कामगारांच्या वारसांना मात्र गिरण्यांच्या जमिनीवर डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून पुढे कित्येक वर्षे मोर्चे काढीत फिरावे लागले.

तेव्हा बंधुभगिनींनो, यापुढे १३ जानेवारीस दि. बां.च्या जयंतीला किंवा २४ जूनला पुण्यतिथीला कोणी पुढारी गावात येऊन गळा काढू लागला, तर त्याला हार घालू द्या आणि बसावयास घोंगडी द्या. त्याचे भाषण पुरे झाले की हात वर करून नम्रपणे तीन गोष्टी विचारा. हा मनुष्य जिवंत होता तेव्हा आपण वा आपला पक्ष कोठे उभा होता? तो ज्यासाठी भांडला त्यातले राहिलेले काम कोणते? आणि त्यातले आपण या वर्षी काय करणार? उत्तर आले तर वहीत तारीख घालून टिपून ठेवा. न आले तर तेही टिपा. वही जपून ठेवा, कारण पुढच्या निवडणुकीत तिची गरज लागेल.

एक शेवटचे. आज जो तुमच्यासाठी सरकारदरबारी भांडतो आहे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे, त्याला तुम्हीही पेंड घालताना हात आखडू नका. तो मोर्चाला हाक देतो तेव्हा घरात बसावयाचे आणि तो गेल्यावर चौकात त्याचा फलक लावावयाचा, हा धंदा एकट्या पुढाऱ्यांचाच आहे असे नाही.