शास्त्रीय शंकासमाधान : भरून ठेवलेलें मॅगेझिन

धुळ्याच्या एका भगिनींची शंका या खेपेस घेत आहों. त्यांच्या मामंजींच्या नांवें परवान्याची .315 बोअरची रायफल असून, मळ्यावरील चोरांच्या धास्तीनें तिचें मॅगेझिन वर्षानुवर्षें भरलेलेंच कपाटांत असतें. धाकटे भावोजी म्हणतात कीं, दबून दबून स्प्रिंग मरते. महिन्याकाठीं तिला विसांवा द्यावा. मामंजी ऐकत नाहींत. खरें कोणाचें?

मॅगेझिन हा मूळचा अरबी शब्द, अर्थ कोठार. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’नें 1731 सालीं तो नियतकालिकास लाविला, तेव्हां वाचकांच्या हातीं या घडीस आहे तेंही कोठारच म्हणावयाचें! बंदुकीच्या कोठारांत तळाशीं स्प्रिंग असते. ती काडतुसें वर रेटते, आणि बोल्ट मागेंपुढें केला कीं वरचें काडतूस नळींत शिरतें.

स्प्रिंगेचा ताण व तिचें दबणें हीं एकमेकांच्या प्रमाणांत असतात, हा रॉबर्ट हूकचा नियम 1678 सालीं प्रसिद्ध झाला. पोलादाच्या अंगची एक मर्यादा असते. तिच्या आंत दाबून ठेविलें तर तें सहसा दिवस मोजीत बसत नाहीं. चांगले कारखानदार स्प्रिंग आधींच पुरती दाबून घेतात. जें थोडें खचावयाचें तें तेथेंच खचतें. धुळ्याच्या वैशाखांत पारा 42-44 अंशांवर गेला तरी पोलादाला त्याची क्षिती नसते. स्प्रिंग दमते ती वारंवार दाबण्यासोडण्यानें. तार पुनःपुन्हां वांकविली कीं तुटते, तोच हा प्रकार. म्हणजे भावोजींचा विसांवा हीच तिची मेहनत! अर्थात् महिन्यांतून एकदां उपसल्यानें चांगली स्प्रिंग मरणार नाहीं. पण त्यांत लाभही नाहीं.

काडतुसें कोंबून भरूं नयेत, हें मात्र खरें. व्हिएतनामच्या युद्धांत कित्येक अमेरिकन शिपाई 20 काडतुसांच्या मॅगेझिनांत 18 च भरीत. प्लास्टिकच्या मॅगेझिनांत स्प्रिंगेपेक्षां काडतूस धरणाऱ्या कडांची काळजी अधिक; त्या सततच्या दाबानें फांकूं शकतात. 1999 सालीं कारगिलच्या थंडींत इन्सास रायफलींचीं प्लास्टिकचीं मॅगेझिनें तडकल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

आमच्या मतें खरा शत्रु गंज. पावसाळ्यांत ओल धरते. चामड्याच्या पट्ट्यांत ठेविलेल्या काडतुसांचें पितळ हिरवें पडतें. गंजूं नये म्हणून तेल ओतणारेही असतात. तें काडतुसाच्या टोपींत झिरपलें तर ऐन वेळीं काडतूस उडतच नाहीं. पुसटसा हात पुरे.

स्प्रिंगेपुरते मामंजी जिंकले. पण तें कपाट एकत्र कुटुंबाचें आहे! भरलेलें मॅगेझिन रायफलीला लावलेलें असेल, तर बोल्टच्या एका हिसक्याचेंच अंतर उरतें, आणि तेवढा जोर दहा वर्षांच्या मुलाच्या हातांत असतो. मॅगेझिन काढलें म्हणजे बंदूक रिकामी झाली, ही समजूतही घातक. नळींत एक काडतूस राहिलेलें असूं शकतें. तें बोल्ट उघडून डोळ्यांनीं पाहावें. रायफल एका कुलुपांत, मॅगेझिन व काडतुसें दुसऱ्या कुलुपांत, आणि किल्ल्या जाणत्या माणसाच्या कमरेला, अशी व्यवस्था आम्ही सुचवितों. चोर आला तर दोन कुलुपें उघडण्यास वेळ लागेल, हा मामंजींचा आक्षेप आम्हांस दिसतो. तरी घरांत मुलें असतां तो उशीर आम्ही पत्करूं.

पावसाळा सरल्यावर मॅगेझिन एकदां रिकामें करून पुसावें. शेवटचें काडतूस रेंगाळत वर येऊं लागलें, तर स्प्रिंग परवानाधारक कारागिराकडून बदलून घ्यावी.