बोली चुकली, की ऐकूच आली नाही?

गेल्या पावसाळ्यात ७७ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह माझ्या दवाखान्यात आले. ‘यांना विसर पडू लागला आहे,’ बाईंनी हलक्या आवाजात सांगितले. पुरावा होता ब्रिजच्या टेबलावरचा. चाळीस वर्षांच्या भिडूने चारचौघांत म्हटले होते, ‘तुला आता बोली कळत नाही.’ तेव्हापासून गृहस्थांनी खेळायला जाणेच सोडले होते.

मी स्वतः ब्रिज बेताचाच खेळतो, तरी तो डाव विचारून घेतला. बोलीचे मूळ गणित सोपे असते. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. साऱ्या पत्त्यांचे मिळून ४०. साधारण १२-१३ गुण असले की बोलीला सुरुवात करावी. भिडूने ‘वन हार्ट’ म्हटले, तर प्रचलित पद्धतीत त्याच्याकडे निदान पाच बदाम असतात. आपल्याकडे तीन बदाम आणि ६ ते ९ गुण असतील, तर ‘टू हार्ट’ म्हणावे. गप्प बसू नये. दोघांचे मिळून २५-२६ गुण भरले, की चार बदामांपर्यंत, म्हणजे दहा हात करण्यापर्यंत जाण्यास हरकत नसते.

आमच्या गृहस्थांकडे तीन बदाम आणि ८ गुण होते. भिडूकडे १८. भिडू ‘वन हार्ट’ म्हणाला, आणि यांनी चक्क ‘पास’ म्हटले! हातचा डाव गेला.

‘भिडू काय म्हणाला होता?’ मी विचारले. उत्तर आले, ‘पास.’

वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने पुसट होतात. डोक्यावर पंखा घरघरत असताना ‘हार्ट’ आणि ‘पास’ यांतला ‘आ’ तेवढा कानी पडतो. भिडू ‘पास’ म्हणाला असे समजल्यावर ८ गुणांवर ‘पास’ म्हणणे अगदी बरोबर होते. म्हणजे चूक हिशेबाची नव्हतीच. एका कानात मळही घट्ट बसला होता. तो काढला आणि श्रवणचाचणीसाठी पाठवले. (कृपा करून कानात काडी किंवा पिन घालू नका.)

टेबलावर मी बिडिंग बॉक्स सुचवला. स्पर्धांमध्ये तो सर्रास वापरतात. बोली तोंडाने न सांगता तिचे कार्ड समोर ठेवायचे. आधीच्या सगळ्या बोली डोळ्यांपुढे राहतात. मोठ्या आकड्यांचे पत्ते आणि बोटे दुखणाऱ्यांसाठी पत्ते उभे धरणारा लाकडी स्टँड, हेही उपयोगी पडते. नव्याने शिकणाऱ्यांनी वरचे गुण एका कागदावर लिहून जवळ ठेवावेत. त्यात लाज कसली?

ब्रिजने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन मी देणार नाही. आणि प्रत्येक चूक कानावर ढकलणेही धोक्याचे. वर्षानुवर्षे पाठ असलेला गुणांचा हिशेबच जमेनासा झाला, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, पैशांचे व्यवहार गोंधळले, तर तपासणी लांबवू नये. पण वय पाहून घरच्यांनी परस्पर निकाल देऊ नये. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणब बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते, आणि त्यांचे भिडू शिवनाथ सरकार ५६ वर्षांचे.

आमचे गृहस्थ श्रवणयंत्र लावून पुन्हा खेळायला जाऊ लागले आहेत. बाईंची तक्रार आता निराळी आहे: शेजारच्या खोलीतले फोनवरचे बोलणेसुद्धा यांना ऐकू येते.