हात लावला की खेळायचंच!

रात्री मेस आटोपली की आपल्या कॉमन रूममध्ये बुद्धिबळाचा डाव रंगतो. खेळणारे दोघं आणि सल्ले देणारे दहा! "अरे, वजीर जातोय ना," असं कोणीतरी ओरडतं, चाल मागे घेतली जाते, मग भांडण, मग चहा. मजा येते, यात वाद नाही. पण हीच सवय घेऊन आपण स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलो तर पहिल्याच फेरीत पंचाईत ठरलेली.

आता समजा, आमच्या मोखाड्याचा एखादा मुलगा पहाटेची एसटी पकडून, त्र्यंबकमार्गे नाशिकला पहिली स्पर्धा खेळायला गेला. नाशिक म्हणजे विदित गुजराथीचं गाव; २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. साहजिकच आपल्या पोराच्या पोटात गोळा! कॅसलिंग करताना त्यानं आधी हत्तीला हात लावला. समोरच्यानं लगेच पंचांना बोलावलं. नियम असा की कॅसलिंगला आधी राजा उचलायचा, आणि एकाच हातानं. आधी हत्ती उचलला तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग नाही, हत्तीच हलवावा लागतो. डाव बिघडला. पोरगा हुशारीत कमी पडला नाही. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की हे शिष्टाचार कोणाची मक्तेदारी नाहीत. ते पाच मिनिटांत सांगता येतात, आणि ज्याला ठाऊक आहेत त्यानं ते सांगायलाच हवेत.

तर फंडे असे. हात लावला तो मोहरा खेळायचा. प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला लावला तर शक्य असल्यास तोच मारायचा. वाकडा मोहरा सरळ करायचा असेल तर आपल्या चालीच्या वेळी, आधी तसं सांगून. इथे बरेच जण 'आय ॲडजस्ट' म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या दोन शब्दांनी बिचकणारी मुलं आहेत. नियमाला फक्त हेतू कळवणं हवं असतं. "नीट ठेवतोय" म्हटलं आणि समोरच्याला समजलं, की झालं! घड्याळ चाल केली त्याच हातानं दाबायचं. बरोबरी विचारायची तर चाल केल्यावर, घड्याळ दाबण्याआधी, आणि एकदाच. उगाच सारखं विचारून त्रास द्यायचा नाही. सुरुवातीला आणि शेवटी हात मिळवायचा, हरलो तरी.

मोबाईल बंद करून पंच सांगतील तिथे ठेवायचा. युक्रेनचा रुस्लान पोनोमारिओव २००२ मध्ये फिडेचा जगज्जेता झाला होता. २००३ मध्ये युरोपियन सांघिक स्पर्धेत, नेमका विसाव्या वाढदिवशी, त्याचा फोन वाजला आणि डाव गेला!

आणि लाजू नका. काही खटकलं तर घड्याळ थांबवून पंचांना बोलावणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. १९९४ मध्ये लिनारेसला कास्पारोवनं घोडा ठेवून क्षणभर हात सोडला आणि पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवला. समोर सतरा वर्षांची ज्युडिट पोल्गार होती. ती त्या वेळी पंचांकडे गेली नाही. डाव हरली. व्हिडिओत सगळं दिसलं, पण नंतर!

शेवटी बघ्यांबद्दल. प्रेक्षकानं डावात तोंड घालायचं नाही. चूक दिसलीच तर फक्त पंचांना सांगायचं. खेळाडू मुलगी असेल तर तिच्या कपड्यांवर, केसांवर तर मुळीच बोलायचं नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर नेमकी हीच तक्रार जाहीरपणे मांडली होती. पुढे २०२५ मध्ये तिनं महिला विश्वचषक जिंकला. आता कपड्यांवर बोलणाऱ्यांनी काय जिंकलं, ते त्यांनी सांगावं.

म्हणून गॅदरिंगच्या स्पर्धेचं काम बघणाऱ्या सरांना विनंती, की पहिल्या फेरीआधी पाच मिनिटं हे नियम मराठीत वाचून दाखवावेत. आणि जव्हार-मोखाड्याच्या आपल्या होस्टेलाइट्सना माझं सांगणं, की दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की शेजारच्या चार पोरांना पटावर बसवा आणि चाल मागे घेऊ देऊ नका. रडतील थोडी, पण नाशिकला रडणार नाहीत.