खोडू नकोस, राहू दे!

गेल्या मार्चमध्ये मी ताईकडे पूर्णेला गेलो होतो. पूर्णा म्हणजे परभणी जिल्ह्यातलं रेल्वेचं जंक्शन. इथून एक मार्ग परभणीकडे, एक नांदेडकडे आणि एक हिंगोली-वाशीमवरून अकोल्याकडे जातो. घरात शिरलो तर आठवीतली भाची ओसरीवर वही घेऊन बसलेली. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात खोडरबर. आणि गंमत म्हणजे पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालत होतं! कागदाला भोक पडायचंच काय ते बाकी होतं.

"काय करायलीस गं?"

"अवयव पाडायलेय, मामा."

"अरे बापरे! कुणाचे?"

एरवी खळखळून हसणारी ही पोर, पण आज हसलीसुद्धा नाही.

"मला गणित येतच नाही, मामा. वर्गात बाकीच्यांना एका झटक्यात उत्तर येतं. मी चार-चार जोड्या लावून बघते, तेव्हा कुठं एक बसते. पोरं हसतात. म्हणून चुकलेलं सगळं खोडून टाकते."

आतून ताई म्हणाली, "नववीत कसं व्हायचं हिचं, काय माहीत!"

ताईनं त्या दिवशी चिंच फोडली होती. चिंचोक्यांची टोपली तिथंच होती. मी १२ चिंचोके मोजून घेतले. "यांच्या सारख्या ओळी लाव बघू."

तिनं आधी १२ची एकच ओळ लावली. मग ६-६च्या दोन. मग ४-४च्या तीन. म्हणजे १ × १२, २ × ६ आणि ३ × ४. तिसरी तऱ्हा लावताना पहिल्या दोन मोडल्या, म्हणून त्या चुकीच्या झाल्या का? छे! त्याही १२च्याच जोड्या.

"आता वहीतलं गणित सांग."

"क्ष² + ७क्ष + १२."

मित्रांनो, अवयव पाडणं म्हणजे गुणाकार उलटा चालवणं. आधी सुलट चालवून बघू. (क्ष + ३) ला (क्ष + ४) ने गुणलं तर काय येतं? क्ष² + ४क्ष + ३क्ष + १२. मधली दोन पदं एकत्र केली की ७क्ष. म्हणजे शेवटचे १२ आले ३ आणि ४ यांच्या गुणाकारातून आणि मधले ७ आले त्यांच्याच बेरजेतून. मग उलट जाताना काय शोधायचं? ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७, अशा दोन संख्या. १ आणि १२ची बेरीज १३. जास्त झाली. २ आणि ६ची ८. अजून जास्त. ३ आणि ४ची ७. बसली!

"पण मामा, तुम्हीपण तीन जोड्या लावल्या की!" ती एकदम म्हणाली.

"मग? रीतच ती आहे. ज्यांना झटक्यात येतं, ते मनातल्या मनात हेच करतात. फक्त त्यांचं खोडलेलं कुणाला दिसत नाही."

चिन्हांचंही तसंच. क्ष² − ७क्ष + १२ असेल तर −३ आणि −४ घ्यायचे. क्ष² + क्ष − १२ असेल तर गुणाकार उणे, म्हणजे एक संख्या अधिक आणि एक उणे. ४ आणि −३. बेरीज १.

दुसऱ्या दिवशी ती मला स्टेशनवर पोचवायला आली. आम्ही लवकरच निघालो होतो, गाडीला पाऊण तास होता. बाकावर बसून मी तिला भास्कराचार्यांचं एक गणित घातलं. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. तसा शिलालेखच तिथं आहे. आपण 'क्ष' म्हणतो त्या अज्ञात संख्येला भास्कराचार्य 'यावत्-तावत्' म्हणत आणि नुसतं 'या' लिहीत.

गणित असं : वानरांच्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, एवढी वानरं रानात खेळताहेत. उरलेली १२ डोंगरावर आहेत. तर एकूण वानरं किती?

एकूण वानरं क्ष मानली, तर (क्ष/८)² + १२ = क्ष. दोन्ही बाजूंना ६४नं गुणून मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. भास्कराचार्यांनी हे वर्ग पूर्ण करून सोडवलं. आपण अवयव पाडू.

"७६८!" भाचीनं डोळे मोठे केले. हात लगेच खोडरबराकडे गेला.

"खोडू नकोस, राहू दे. लिहीत जा."

तिनं लिहिलं : १२ × ६४, बेरीज ७६. खाली लिहिलं : २४ × ३२, बेरीज ५६. आणि थांबली. दोन्ही ओळींकडे बघत राहिली. "मामा, हवेत ६४. १२ घेतले तर जास्त होतंय, २४ घेतले तर कमी. म्हणजे संख्या यांच्या मधेच असणार!" मग तिनं १६नं भागून पाहिलं. १६ × ४८. बेरीज ६४!

बघा, त्या दोन चुकलेल्या ओळी खोडल्या असत्या तर वाट कुणी दाखवली असती?

मधलं पद उणे आहे, म्हणून (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे एक कंस तरी शून्य. वानरं १६ किंवा ४८. पडताळा पाहू. १६चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. ४८चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. दोन्ही उत्तरं बरोबर!

गाडी आली तेव्हा ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मामा, अजून एक घाला की!"

आईबाबांना एक विनंती. मुलांच्या वहीत चुकलेल्या जोड्या दिसल्या तर रागावू नका. विचार चालू असल्याची ती खूण आहे.

आता तुमची पाळी. अवयव पाडा :

१) क्ष² + ११क्ष + २४
२) क्ष² − २क्ष − १५
३) हेही भास्कराचार्यांचंच. वानरांच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? (मांडणी : क्ष² − ५५क्ष + २५० = ०.) उत्तरं दोन येतील, पण भास्कराचार्यांनी त्यातलं एकच स्वीकारलं. कोणतं आणि का? पाचव्या भागातून ३ खरोखर वजा करून बघा, म्हणजे कळेल.

उत्तरं पुढच्या अंकात. पण कंसांचा गुणाकार करून पडताळा पाहिलात, तर पुढच्या अंकाची वाट बघायची गरजच नाही. आणि हो, खोडरबर दप्तरातच राहू द्या!