घरगुती गॅस, पण कोणाच्या घरचा?

तळेघरच्या एका वाडीत बैठकीसाठी गेले होते. घराच्या कोपऱ्यात गॅसची लाल टाकी, तिच्यावर जुने लुगडे झाकलेले, आणि शेजारी चूल पेटलेली. मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, ती पाव्हण्यांच्या चहाला ठेवलीय. संपल्यावर आणायची कोणी अन् कशानं?"

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी या कामात आले. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'गॅस आहे' यापुढे मीही कितीदा खूण केली आहे. तीच खूण पुढे सरकारी आकडा होते, आणि आकड्यात मावशींचा धूर दिसत नाही.

हल्ली ऊर्जासुरक्षेची चर्चा जोरात आहे. देशाच्या भूगर्भातला नैसर्गिक वायू जास्तीत जास्त काढा, परदेशावर विसंबू नका, असे सांगितले जाते. याला माझा विरोध नाही. आपण वापरतो त्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, तोही मुख्यतः आखातातून. तिकडे युद्ध पेटले की इथे टाकी महागते. प्रश्न एवढाच आहे, की काढलेला देशी वायू कोणाच्या चुलीपर्यंत पोचतो?

मुंबई हायचा शोध १९७४ सालचा. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून टाकीत भरायचा गॅसही वेगळा काढता येतो. ऐंशीच्या दशकात यातला कितीतरी वायू वापराची सोय नाही म्हणून समुद्रातच जाळून टाकला गेला. त्या वेळी तळेघरच्या बाया मोळ्या वाहत होत्या. २०१४ साली धोरण ठरले, की स्वस्त देशी वायू आधी शहरांतल्या सीएनजी वाहनांना आणि नळाने गॅस येणाऱ्या घरांना द्यायचा. पुण्यातल्या बहिणीच्या नळाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच रांगेत मोटारगाडी आहे, आणि ती तळेघरच्या चुलीच्या पुढे उभी आहे! घाटमाथ्यावर नळ येत नाही. तिथल्या बाईच्या वाट्याला जगाच्या बाजारभावाला बांधलेली टाकी येते.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने जोडणी बाईच्या नावावर दिली, हे चांगलेच झाले. पण नाव तिचे आणि पैसा नवऱ्याच्या हातात, अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०२३ मध्ये अनुदान टाकीमागे ३०० रुपये झाले, तेही नंतर बँकेत जमा होणारे. आधी पूर्ण रक्कम मोजायची, ती कुठून? हिरड्याचे पैसे हंगामातच हाती येतात, चूल मात्र बारा महिने पेटते.

काही जण म्हणतात, लाकूड फुकट मिळते आणि चुलीची भाकरीही गोड लागते. फुकट कोणाला? १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्य आहे. मोळी आणायची ती वनरक्षकाची नजर चुकवून. पावसाळ्याआधी चार महिन्यांचे सरपण भरायचे, मग बंद घरात धूर गिळायचा. या श्रमांना मजुरी नाही म्हणून ते हिशेबातच नाहीत. आणि भाकरी गोड लागते ती खाणाऱ्याला.

'राष्ट्रासाठी' म्हणून या खोऱ्याने कमी दिलेले नाही. डिंभे धरणात आदिवासी गावे बुडाली. कोकणात १९९७ च्या जूनमध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या बायांना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून मारले. आयात वायूवर चालवायचा तो प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. निर्णय घेताना बाईला कोणी विचारत नाही, किंमत मात्र तिच्याकडूनच वसूल होते.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. जोडण्या मोजू नका. वर्षाला किती टाक्या भरल्या ते तालुकावार जाहीर करा. देशी वायूतून निघणाऱ्या गॅसवर पहिला हक्क गरीब घरांच्या चुलीचा, आणि दर इथल्या उत्पादनखर्चावर ठरवा. अनुदान टाकी घेतानाच वजा करा. वाडीपर्यंत टाकी पोचवण्याचे काम बचत गटांना, रीतसर मोबदल्यासह द्या.

येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडू या. मावशींच्या टाकीवरचे लुगडे निघेल, तेव्हाच देशाची ऊर्जा सुरक्षित झाली असे मी मानेन.