सक्तीच्या हास्याचा दंड

कामाच्या जागी अपमान, भय आणि संताप गिळून हसतमुख राहण्याची सक्ती हा कामगाराच्या शरीराला होणारा अपाय आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने त्याची दखल घेतलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संहितेच्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपणही आहे. परंतु रुग्णाच्या नातलगांची शिवीगाळ निमूटपणे ऐकणारी परिचारिका, सुट्या पैशांवरून उतारूंचे बोल सोसणारा एस. टी.चा वाहक, किंवा परदेशी ग्राहकाचा क्रोध मृदू स्वरात झेलणारा कॉल सेंटरमधील तरुण, यांची आखडलेली मान आणि ठणकणारी कंबर त्या यादीत कोठेच नाही. भावनांचे नियमन हेही श्रमच होत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी विमानसेविकांच्या कामाची चिकित्सा करून १९८३ सालीच दाखविले. दाबलेल्या क्षोभाबरोबर स्नायूही ताठरतात, आणि तो ताण सुटण्यास अवसरच न मिळाल्यास वेदना अंगात मुरते. मग इलाजाचा खर्च मात्र त्या कामगाराच्याच पगारातून जातो, हा उघड अन्याय आहे.

सौजन्य आम्हांलाही हवेच. तथापि शिवीगाळ करणाऱ्याशी संभाषण थांबविल्याबद्दल कोणाही कर्मचाऱ्यास मेमो मिळू नये, आणि संहितेखाली होणाऱ्या चाळिशी ओलांडलेल्यांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीत मान-पाठीच्या दुखण्याबरोबर कामावरील अवहेलनेचीही विचारपूस व्हावी, अशी तरतूद राज्य शासनाने आपल्या नियमांत विनाविलंब करावी.