वाटांची स्मृती : निसर्ग किती, सवय किती?

स्त्रियांना वाटा लक्षात राहत नाहीत आणि वृद्धांना नव्या वाटा साधत नाहीत, असा समज आपल्या समाजात दृढ आहे. यातील तथ्य किती, हे बंगळूर शहराच्या उदाहरणाने पडताळून पाहू.

वाट स्मरणात ठेवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एक खुणांची : देवळापाशी डावीकडे वळावे, वडापासून सरळ जावे. दुसऱ्या रीतीत मनुष्य दिशा व अंतरे यांचा नकाशाच मनात रचतो. या कामी मेंदूतील हिप्पोकॅम्पस नामक भाग महत्त्वाचा ठरतो. उतारवयात मनातील हा नकाशा रचण्याची शक्ती मंदावते. अंगवळणी पडलेली जुनी वाट पुष्कळदा टिकते. नवी मात्र कष्टाने शिकावी लागते. वृद्धांविषयीच्या समजात तथ्य आहे ते एवढेच.

स्त्री-पुरुषांतील भेदाची गोष्ट निराळी आहे. अनेक देशांतील लाखो लोकांना मोबाईलवरील एका खेळातून वाटा शोधावयास लावून संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले की, जेथे स्त्रियांना संधी कमी, तेथे हा भेद अधिक. जेथे समता अधिक, तेथे तो अल्प. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु केवळ निसर्गच कारण असता, तर तो देशोदेशी असा कमीअधिक का व्हावा? त्याच खेळावरून २०२२ साली असेही आढळले की, काटकोनी रस्त्यांच्या शहरांत वाढलेले लोक वाटा शोधण्यात सरासरीने किंचित मागे पडतात. बालपणीच्या भ्रमंतीचा ठसा मोठेपणीही राहतो, असे यावरून दिसते.

आता बंगळूरकडे पाहू. केंपेगौडांनी १५३७ साली वसविलेल्या पेठेत नाव हीच खूण होती : बळेपेट बांगड्यांची, अक्किपेट तांदळाची. १८९८ च्या प्लेगनंतर वाढलेल्या बसवनगुडी व मल्लेश्वरम येथे आणि पुढे जयनगरात ‘मेन’ व ‘क्रॉस’ यांचे क्रमांक आले. तेच क्रमांक वस्तीवस्तीत पुन्हा येतात. अशा ठिकाणी केवळ आकड्यावर विसंबणाऱ्या वृद्धाची फसगत होणे स्वाभाविक आहे. कोपऱ्यावरचा जुना वृक्ष वा देऊळ हाच त्याचा खरा आधार. तो नाहीसा झाला की वाटही हरवते.

म्हणून आमचे मत असे की, रस्ते रुंद करताना अशा खुणा जपाव्यात आणि फलक मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लावावेत. मुलींना मुलांइतकेच एकटीने हिंडू द्यावे. कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेने स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास विनामूल्य केला. पण तिकीट माफ झाले तरी घरची परवानगी मिळतेच असे नाही. जिला वाट चालूच दिली नाही, तिला ती आठवत नाही म्हणून हसणे हा न्याय नव्हे.